एका क्रेनला एकच हात

मुलांनो, बसल्या जागी उजवा हात वर करा. कोपर अंगाजवळ, पंजा कानाच्या उंचीला. एकच बोट आभाळाकडे ठेवा, बाकीची मिटून घ्या. आता त्या बोटानं हवेत एक छोटं वर्तुळ काढा, वाटीच्या तोंडाएवढं. हळूहळू. थांबू नका.

आता अशी कल्पना करा, की तुमच्या बोटाकडे पाहून पन्नास पावलांवरची एक क्रेन जागी झाली आहे. तिच्या आकड्याला तीन हत्तींच्या वजनाचा लोखंडी पूल टांगलेला आहे आणि तो जमिनीवरून सुटतो आहे. तुमचं बोट फिरतंय तोवर तो वर जाणार. नाकाला खाज सुटली तरी खाजवायचं नाही. खाजवलंत तर क्रेनवाला काय समजेल आणि पूल कुठे जाईल, याचा नेम नाही!

आपल्या गोष्टीतली आई पोट भरायला हेच काम करत असे. क्रेनवाला उंच केबिनमध्ये बसतो. खाली काय चाललंय ते त्याला धड दिसत नाही, आणि इंजिनाच्या घरघरीत ऐकू तर काहीच येत नाही. वॉकीटॉकी असते, पण ती नेमकी हवी तेव्हाच खरखरते. म्हणून खाली एक माणूस उभा राहून हातानं इशारे देतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, हळू, थांब. क्रेनवाल्याचे डोळे म्हणजे खालच्याचे हात. सगळे तिला इशारेवाली म्हणत.

हे काम तिला शिकवलं ते वस्तादांनी. सव्वीस वर्षं त्यांनी इशारे दिले होते. उंचीनं ताडमाड, आवाज ढोलासारखा, आणि हात असे की बोलताना कुणाच्या तरी हातातला चहा सांडायचाच. त्यांच्या पथकात ती पहिल्यांदा आली तेव्हा सगळे हसले होते. "वस्ताद, ही क्रेनवाल्याला दिसायची तरी का? स्टुलावर उभी करा!" वस्ताद म्हणाले होते, "दिसायला उंची लागत नाही रे. हात स्वच्छ लागतो." स्वच्छ म्हणजे धुतलेला नव्हे, बरं का. एका इशाऱ्याचा एकच अर्थ निघेल असा.

दुसऱ्या बाळाच्या वेळी ती आठ महिने घरी राहिली. तेवढ्यात वस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, लांबचं नीट दिसत नाही तोवर इशारे बंद. वस्तादांनी स्वतःच साहेबांना तिचं नाव सुचवलं. अशा रीतीनं ती कामावर परतली ती थेट पथकाची प्रमुख होऊन. वस्ताद आता तिच्या हाताखाली आले. आकड्याला ओझं बांधायचे पट्टे तपासणं हे त्यांचं काम.

पथकाला मात्र तिला काय म्हणावं हेच कळेना. कालपर्यंत ती सगळ्यांची वहिनी होती. कुणी 'मॅडम' म्हणून बघितलं, तर बाकीचे खोकले. एकानं पहिल्याच दिवशी विचारलं, "वहिनी, तुम्ही इथे, मग बाळाला कोण बघतं?"

"त्याचे वडील," ती म्हणाली. "तुमचा मुलगा केवढा आहे?"

"पाच वर्षांचा."

"तो लहान असताना तुम्ही इथेच होतात. त्याला कोण बघायचं, हे मी तुम्हाला कधी विचारलं होतं का?"

सगळे हसले. विचारणारा सगळ्यांत जास्त हसला. पण हसणं म्हणजे विश्वास नव्हे, हे तिला ठाऊक होतं. विश्वास पूल उचलून दाखवल्यावर येणार होता.

तो पूल होता शाळेसमोरचा. तिची थोरली लेक भिंगरी याच शाळेत चौथीत होती. जागेवर पाय ठरत नाही म्हणून हे नाव. शाळा रस्त्याच्या एका अंगाला, खेळाचं मैदान दुसऱ्या अंगाला, मधून गाड्यांची रीघ. खेळाच्या तासातली दहा मिनिटं रस्ता ओलांडण्यातच जायची. आता दोन्हीकडे खांब उभे राहिले होते आणि त्यांच्यावर पूल चढवायचा होता. सुट्टीचा दिवस ठरला. सकाळी सहा ते दहा रस्ता बंद राहणार होता.

त्या दिवशी पहाटे ती पायात बूट घालून दारात उभी होती आणि निघता निघत नव्हती. नवरा बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होता. तो शिंपी. मशीन घरातच, म्हणून बाळ त्याच्याकडे.

"मानेखाली हात धर," ती म्हणाली.

"धरलाय."

"जरा उजवीकडे घे. हां, आता खाली. इतकं खाली नको. थोपट, पण हळू."

बाळ रडायला लागलं. नवऱ्यानं बाळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एक काय ते ठरव. तू घरी राहतेस आणि मी पूल चढवतो, की तू जातेस?"

"मी फक्त सांगत होते."

"आठ महिने तुझ्याबरोबर बघतोय मी. जमतं मला. आणि नाही जमलं तर रडून सांगेल तो. चांगला आवाज आहे त्याला, तुझ्यावर गेलाय."

भिंगरी खुदकन हसली. तिनं आईला अक्षरशः ढकलत जिन्यापर्यंत नेलं. "जा ना आई! आम्ही आठ वाजता येतो तिघं, दोरीच्या मागून बघायला."

साडेआठला सगळं तयार होतं. क्रेनचे पाय लाकडी ठोकळ्यांवर पक्के बसले होते. पूल रस्त्यावर आडवा, नव्या रंगात चकाकणारा. वर केबिनमध्ये मौनी होता. तो दिवसाला चार-पाच शब्द बोलायचा, म्हणून हे नाव. एकोणीस वर्षं तो क्रेन चालवत होता आणि त्यातली बहुतेक वर्षं वस्तादांच्या हाताकडे बघून.

मोठं ओझं उचलताना आधी एक चाचणी घेतात. वीतभर उचलायचं आणि तसंच लटकत ठेवायचं. पट्टे ताण धरतात का, तोल बरोबर आहे का, ते बघायचं आणि मगच पुढे. तिनं बोट वर केलं आणि वर्तुळ काढायला सुरुवात केली. पट्टे ताठ झाले. पूल करकरला आणि जमिनीपासून सुटला. वीतभर झाल्यावर तिनं हात आडवा पसरला, तळवा खाली, आणि डावीकडून उजवीकडे फिरवला. थांब.

पूल थांबला. आणि दुसऱ्याच क्षणी डावीकडे सरकला.

तिनं काही सांगितलं नव्हतं. पुलाचं एक टोक दोन हात सरकलं आणि ठोकळ्यांच्या थप्पीवर आदळलं. थप्पी ढासळली. जवळचा माणूस मागे उडी मारून बाजूला झाला. तिनं दोन्ही हात पसरून 'जागच्या जागी थांब'चा इशारा दिला. क्रेन गप्प झाली. कुणाला काही लागलं नव्हतं.

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "आठ महिने घरी बसलं की हात विसरतो." ते तिला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच ते बोललं गेलं होतं की काय, देव जाणे.

आणि खरं सांगायचं तर एक क्षण तिलाही तसंच वाटलं. आपलाच हात चुकला का? तिनं आपल्या हाताकडे बघितलं. बाळाला झोपवताना, दूध ढवळताना, भिंगरीला अभ्यासाला बसवताना हाच हात. इथली सवय गेली असेल का त्याची?

कमरेवरची वॉकीटॉकी खरखरली. साहेब लांब, रस्त्याच्या तोंडाशी होते. "काय झालं तिकडे? हे बघा, दहाच्या आत रस्ता मोकळा करायचाय. आजच्या दिवस वस्तादांना देऊ दे इशारे. तुम्ही पुढच्या वेळी करा."

आवाज सगळ्या पथकानं ऐकला. आता मात्र तिला कळलं की काय पणाला लागलंय. आज हात खाली केला तर पुढची वेळ येणारच नाही. आलीच तर तीही 'बघू या जमतं का' अशी, आणि जन्मभर तशीच येत राहील.

तिनं आधी वर बघितलं. केबिनच्या काचेआड मौनी तिच्याकडेच बघत होता. त्यानं हात काचेला लावला आणि दोन बोटं उभी केली.

दोन? दोन काय?

मौनीनं एक बोट तिच्याकडे केलं. मग दुसरं तिच्या मागे.

ती वळली. तिच्या मागे, तिच्यापेक्षा हातभर उंच वस्ताद उभे होते आणि त्यांचा उजवा हात अजून आडवा होता, बोट डावीकडे रोखलेलं. त्या हाताला जणू मालकाचा पत्ताच नव्हता. तिच्या नजरेपाठोपाठ वस्तादांनी आपल्याच हाताकडे बघितलं आणि चटका बसल्यासारखा तो खाली घेतला.

"मला वाटलं, टोक उजवीकडे कलतंय," ते पुटपुटले. "हात आपोआपच..."

तिला राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या मागोमाग सकाळचा दरवाजा आठवला. जरा उजवीकडे घे, हां, आता खाली. आपण तरी काय वेगळं करत होतो? सव्वीस वर्षं ज्यांनी क्रेन सांभाळली, त्यांच्या हाताला कसं सांगायचं की आता तू गप्प बस? आणि मौनीला तरी काय दोष द्यायचा! जो हात बघत त्याचे केस पिकले, तो हलल्यावर त्यानं क्रेन फिरवली.

पण समजून घेणं वेगळं आणि चालवून घेणं वेगळं. तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"साहेब, चूक सापडलीय. दहा मिनिटं द्या. आणि इशारे मीच देणार."

"अहो पण..."

"मौनीला दोन हात दिसत होते. वस्तादांना लांबचं धूसर दिसतंय, डॉक्टरांनी त्यांचे इशारे बंद केलेत. आता एकच हात राहील. मी देते."

पलीकडे नुसती खरखर झाली. मग आवाज आला, "बरं. दहा मिनिटं."

तिनं पूल जमिनीवर टेकवून घेतला, मौनीला क्रेन बंद करून खाली बोलावलं, सगळ्यांना गोळा केलं आणि आवाज न चढवता बोलली. "मघाशी क्रेनला दोन इशारे गेले. माझा थांब म्हणत होता, दुसरा डावीकडे म्हणत होता. कुणाचा होता ते सगळ्यांनी पाहिलंय, ते चघळत बसायचं नाही. 'थांब' हा इशारा कुणीही द्यावा. झाडणाऱ्यानं दिला तरी क्रेन थांबली पाहिजे. पण ओझं हलवायला एकच हात. आज तो माझा. मौनी, मी सोडून कुणी हलव म्हणालं तर काय करणार?"

"थांबणार," मौनी म्हणाला. त्याचा त्या दिवसाचा पहिला शब्द.

"आणि वस्ताद," ती त्यांच्याकडे वळली. "तुम्ही पट्ट्यांवरून निघा. पुलाच्या लांबच्या टोकाला दोरी बांधलीय, ती तुम्ही धरा."

ओझं हवेत गरगर फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला दोरी बांधतात आणि खालून एक माणूस ती ताणून धरतो. नवख्या माणसाला पहिलं काम हेच मिळतं.

"दोरी?" वस्तादांचा चेहरा लाल झाला. "मी? सव्वीस वर्षांनंतर दोरी?"

"हो. वारा सुटला तर तो पहिल्यांदा दोरीला कळतो. डोळ्यांनी नाही, हातानं. मला त्या टोकाला ओळखीचा हात हवाय." ती थांबली. मग म्हणाली, "आणि दोरीला दोन्ही हात लागतात."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच दाबलं. वस्ताद तिच्याकडे बघत राहिले. तिनं नजर हटवली नाही.

"पोरी," वस्ताद शेवटी म्हणाले, "लई कडक झालीस गं."

"शिकवणारा तसाच होता."

ते वळले आणि तरातरा चालत पुलाच्या टोकाशी गेले. दोरी उचलली, एकदा झटकली, दोन्ही मुठींत पक्की धरली. जाता जाता त्या मघाच्या हळूच बोलणाऱ्याला मात्र सुनावलं. "बघतोस काय? तिचा हात विसरला नव्हता. माझा विसरला नव्हता, म्हणून घोटाळा झाला. ठोकळे रच!"

रस्ता अडवायला बांधलेल्या दोरीच्या मागे आता बरीच माणसं जमली होती. त्यांत बाळाला घेऊन नवरा होता, आणि फुटपाथच्या कठड्यावर पोट टेकून भिंगरी. तिनं सगळं पाहिलं होतं. ऐकू काहीच आलं नव्हतं, पण बघण्यासारखं भरपूर होतं.

दुसरी चाचणी नीट झाली. पूल वीतभर वर लटकला आणि तसाच राहिला. मग ती पुन्हा वर्तुळ काढू लागली. पूल माणसाच्या उंचीचा झाला, मग दिव्याच्या खांबाच्या उंचीचा. त्याची सावली रस्त्यावरून सरकत तिच्या बुटांवर आली. तिनं एक बोट उजवीकडे केलं आणि दुसरा पंजा त्याच्यासमोर स्थिर धरला. म्हणजे, हळू. पूल हळूहळू खांबांकडे वळू लागला.

अर्ध्या वाटेवर लांबून वस्तादांचा आवाज आला. "वारा!"

तिला गालाला काहीच जाणवलं नव्हतं. तरी तिनं त्याच क्षणी दोन्ही हात पोटाशी एकात एक गुंफले. याचा अर्थ, सगळं आहे तिथेच राहू दे. क्रेन थांबली. आणि मग आलाच तो वारा, रस्त्याच्या तोंडातून धुळीचा लोट घेऊन. पूल हवेत डुलायला लागला. वस्ताद टाचा रोवून मागे रेलले, दोरी तारेसारखी ताणली. डुलणं कमी झालं, पण थांबलं नाही.

ती तशीच उभी राहिली. एक मिनिट, पाच मिनिटं. बाळाच्या दुधाची वेळ झाली होती. आईच्या शरीराला ते सांगायला घड्याळ लागत नाही, छाती जड होऊन दुखायला लागते. लांबून बाळाचं रडणंही ऐकू आलं, आणि मग ते थांबलंही. बाटली दिली असणार. तिनं वळून पाहिलं नाही. वॉकीटॉकी खरखरली, "नऊ चाळीस झालेत!" हात सोडल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं, म्हणून तिनं उत्तर दिलं नाही. साहेबांनी आणखी दोनदा विचारलं आणि मग बहुधा तिच्याकडे बघून तेही गप्प झाले.

"पडला वारा," वस्ताद ओरडले. "दोरी सैल झाली. आता तू बघ!"

ती अजून थोडी थांबली. पुलाचं टोक पुरतं स्थिर होईपर्यंत. मग तिनं हात सुटे केले.

पुढचं काम अवघड होतं, पण धांदलीचं नव्हतं. तिनं बोट खाली केलं आणि लहान, अगदी लहान वर्तुळं काढली. पूल बोटाबोटानं उतरला. खांबांवरच्या माणसांनी भोकाला भोक जुळवलं. पहिला बोल्ट सरकला, दुसरा सरकला, आणि वरून कुणीतरी आरोळी ठोकली, "बसला!"

रस्ता दहाऐवजी दहा वाजून अकरा मिनिटांनी उघडला. साहेब आले, पुलाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "अकरा मिनिटांबद्दल मला वर उत्तर द्यावं लागेल."

"माझं नाव सांगा," ती म्हणाली. "वारा असताना मी थांबवलं म्हणावं. पुन्हा असेल तर पुन्हा थांबवीन."

साहेबांनी मान हलवली. "सांगतो. आणि पुढच्या महिन्यातल्या तिन्ही पुलांनाही तुमचंच नाव घालतो, प्रमुख."

त्या दिवशी तिला प्रमुख म्हणणारे ते पहिले. संध्याकाळपर्यंत पथकातल्या आणखी दोघांनी म्हटलं. तिसरा वहिनीच म्हणत राहिला, पण सांगितलेलं काम मात्र पहिल्या हाकेला करू लागला. तिची त्याला हरकत नव्हती.

ती हातमोजे काढत कठड्याशी आली. बाळ बापाच्या खांद्यावर झोपलं होतं, मान जरा वाकडी करून. तिचा हात उठला होता, तो तिनं मागे घेतला. मान वाकडी असली तरी झोप सुखाची दिसत होती.

मागून वस्ताद आले. तळहात लाल झाले होते, ते एकमेकांवर चोळत होते. भिंगरीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "आजोबा, मघाशी तुम्ही मधेच डावीकडे दाखवलंत ना?"

"भिंगरे!" आई म्हणाली.

"विचारू दे," वस्ताद म्हणाले. "हो, दाखवलं. चुकलो. तुला कसं कळलं?"

"मला सगळे इशारे येतात. आई करते ना घरी, बाळ झोपलं की. बोलायचं नसतं तेव्हा."

वस्ताद गडगडाटी हसले. बाळानं झोपेत दचकून तोंड हलवलं.

"मग शिकायचंय का नीट?" त्यांनी विचारलं. आणि विचारून झाल्यावर त्यांना काहीतरी सुचलं असावं, कारण ते इशारेवालीकडे वळले. "शिकवू का गं हिला? तुझी परवानगी असेल तर."

"तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार!" ती म्हणाली.

"मग पहिला धडा," वस्ताद भिंगरीला म्हणाले. "हात लगेच नाही हलवायचे. आधी क्रेनवाल्याच्या जागी जायचं आणि त्याला खालचं काय दिसतं ते बघायचं. केबिनमध्ये काही तुला नेता येणार नाही. पण तो तुमच्या शाळेचा बाहेरचा जिना आहे ना..."

त्यांचं वाक्य संपेपर्यंत भिंगरी जिन्याच्या अर्ध्यावर पोहोचली होती. वरच्या मजल्यावर जाऊन तिनं कठड्याला छाती टेकली आणि खाली बघितलं. सगळी माणसं बुटकी दिसत होती, नुसती हेल्मेटं आणि हात. तिनं डोळे बारीक केले. मग तोंडाभोवती दोन्ही पंजे धरून, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आई, जरा बाजूला हो गं! तुझ्यामुळे आजोबांचे हात दिसत नाहीत!"